खड्गपालाची बेचाळीस मिनिटं

५ जानेवारी, सकाळी ६.१०
धरणगाव. कडाक्याची थंडी. आजपासून रोजनिशी नियमित. चहा दिवसातून दोनदाच. रोज चार किलोमीटर चालणे. कोणावरही चिडायचं नाही, विशेषतः अडाण्यांवर.

माझी डॉक्युमेंटरी 'वीर खड्गपाल : खानदेशचा विसरलेला सिंह' चोवीस तारखेला धुळ्याला मोठ्या हॉलमध्ये दाखवणार आहेत. आवडली की जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून फिरणार. बेचाळीस मिनिटं. संशोधन, लेखन, दिग्दर्शन, निवेदन : जीवराम बोरसे. कॅमेरा नईमचा. तो एरवी लग्नं शूट करतो, त्यामुळे लढाईत दोन ठिकाणी गुलाबाच्या पाकळ्या पडतात. चालून जाईल.

हायस्कूलला चौतीस वर्षं इतिहास शिकवला. निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले, आपले भूगोलाचे जीवराम सर. मी हसून नमस्कार केला. त्या दिवसापासून ठरवलंय, मागे काहीतरी आपल्या नावानं राहिलं पाहिजे. खड्गपाल राहिला की मी राहिलो.

चालायला गेलो नाही. थंडी.

७ जानेवारी
आयोजकांचं पत्र. आक्षेप आलाय म्हणे. कोणाचा? मिसबाहचा. माझीच विद्यार्थिनी. दहावी ब, पहिला बाक. आता धुळ्यात जुन्या दगडांवर संशोधन करते. तिचा प्रश्न दीड ओळीचा : हा वीर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेला, याला पुरावा काय?

वीस तारखेच्या आत पुरावा द्यायचा, नाहीतर कार्यक्रम रद्द आणि वर जाहीर खुलासा.

पुरावा अख्खा उभा आहे! सोनगीरच्या अलीकडे, हायवेपासून थोडा आत, झुलाल नानांच्या शेताच्या बांधावर. घोडेस्वार. कमरेइतका दगड, अंगावर चार बोटं शेंदूर. दोन वर्षांपूर्वी सहलीची गाडी पंक्चर झाली तेव्हा पाहिला. पाहताक्षणी म्हणालो, दुसरं शतक. चौतीस वर्षांचा डोळा आहे. गावात त्याला नुसतं आबा म्हणतात. खड्गपाल हे नाव मी ठेवलं. कोणीतरी ठेवायलाच हवं होतं.

उत्तर लिहायला बसलो. घाबरण्यासारखं काही नाही. चहा पाच.

९ जानेवारी
उत्तर पाठवलं. अकरा पानं. त्यात हुकमी मुद्दा जिवंत परंपरेचा. झुलाल नानांच्या आई भागाबाई, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्या दगडासमोरून जाताना आजही पदर कपाळावर ओढून घेतात. का, विचारलं तर म्हणाल्या, हाऊ मना सासरा शे. कॅमेऱ्यासमोर तीनदा म्हणाल्या. काय ही श्रद्धा! अठराशे वर्षांनंतरही इथली बाई वीराला सासऱ्याचा मान देते. एकतिसाव्या मिनिटाला घेतलंय, मागे बासरी. पुढे त्या सासऱ्याचा हिवताप, पथ्यपाणी असं बरंच बोलत बसल्या. विषयांतर. ते कापलं.

कोकिळेला वाचून दाखवलं. बायको म्हणून ती चांगली आहे, पण श्रोता म्हणून नाही. म्हणाली, अहो, आणि खरंच सासराच असला तर? मी म्हटलं, इतिहास हा तुझा प्रांत नव्हे. ती वांगी भाजायला निघून गेली. भरीत तिखटजाळ होतं. मुद्दाम.

११ जानेवारी, दुपारी
मिसबाहचं उत्तर. सर, सादर प्रणाम, अकरा पानं दोनदा वाचली, पुरावा कोणत्या पानावर आहे ते कृपया कळवावं.

फोन केला. ठरवलं होतं, चिडायचं नाही. चिडलो. ती शांतच. म्हणाली, सर, तुम्हीच शिकवलं होतं, आधी विचारायचं कोण म्हणालं, मग विचारायचं त्याला कसं माहीत.

मी असं शिकवलं होतं? गाईडमध्ये असेल.

दवाखान्यात गेलो. बीपी दीडशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे का? म्हटलं, छे.

१३ जानेवारी
नईमच्या दुकानात गेलो. ताम्रपट जुना दिसेल असा करता येतो का, एवढंच विचारलं. निव्वळ चौकशी. नईमनं लेन्स पुसायचं थांबवलं. म्हणाला, सर, मैं दूल्हे को गोरा करता हूँ, झूठ को पुराना नहीं करता. त्याला तत्त्वं आहेत हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं सोबत काम केलं, कधी बोलला नाही.

हे पान फाडायचं का? राहू दे. कोण वाचतंय.

१४ जानेवारी
संक्रांत. जो तो तिळगूळ देतो आणि विचारतो, सर, चोवीसला नक्की ना? नक्की म्हणतो. पहूरची बहीण आख्खं घर घेऊन येतेय, जीप ठरवली. शाळेच्या ग्रुपवर त्रेसष्ट जण येतो म्हणाले. निरोप समारंभाचे अध्यक्षसुद्धा.

सहा दिवस उरले. मिळालेला तिळगूळ खिशात टाकतोय.

१६ जानेवारी
सापडलं! इतके दिवस सुचलं कसं नाही? शेंदराखाली लेख असणार. असलाच पाहिजे. नसेल तर मी संपलो, म्हणजे आहेच.

तडक सोनगीरची एसटी. झुलाल नाना एका शब्दात नाही म्हणाले. आबाले खरडानं नही. शेंदराची खोळ आपली आपण गळते, माणसानं हात लावायचा नसतो. मी विज्ञान सांगितलं. मग इतिहास सांगितला. मग हात जोडले. मग डोळ्यांत पाणी आलं. शिवारात धूळ फार.

आतून भागाबाई आल्या. म्हणाल्या, काढू द्या रे. मले बी त्यास्नं तोंड देखनं शे. त्यांनाही वीराचं तोंड पाहायचंय. केवढी ही ऐतिहासिक जिज्ञासा!

एकोणीस तारीख ठरली. मिसबाहला स्वतः निमंत्रण धाडलं. साक्षीदार म्हणून ये, मग बोलू.

१९ जानेवारी, सोनगीर
११.२० : कोमट तेल आणि बांबूच्या कामट्या. नईमचा कॅमेरा चालू. अर्धं गाव बांधावर. मिसबाह वही घेऊन. शेंदराची पहिली खपली सुटली.

११.४० : लेख आहे! लेख आहे!! मी म्हणालोच होतो. खालच्या बाजूला, एक ओळ. सगळ्यांसमोर मिसबाहकडे पाहिलं.

११.४५ : लिपी देवनागरी. दुसऱ्या शतकात देवनागरी! लिपीचाच इतिहास नव्यानं लिहावा लागणार.

११.५० : वीराच्या डाव्या मनगटावर गोल कवच. कवचात दोन काटे.

११.५५ : काटे दहा वाजून दहा मिनिटं दाखवतात.

१२.०५ : ओळ पूर्ण वाचता आली. 'धुडकू रामा. रोड गँग. ता. १२-३-१९७१.' मिसबाहनं ओळ वहीत उतरवून घेतली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, परतीच्या एसटीत
झुलाल नाना मला बाजूला घेऊन गेले. हा त्यांचा आजा. म्हणजे भागाबाईंचा सासरा. हायवेच्या रस्त्यावर गँगमध्ये कामाला होता. गावातलं पहिलं मनगटी घड्याळ त्याचं. हिवतापानं गेला. त्यांच्यात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात आणि त्यावर घोडा काढतातच. आबा उभ्या जन्मात घोड्यावर बसले नाहीत, नाना म्हणाले, मरीसन तरी बसोत. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणाले, बठ्ठा गावले, पोरासोरास्ले बी माहीत शे. माय तुम्हले तीनदा सांगनी. तुम्ही बासरी लावी दिन्ही.

निघताना पाहिलं. भागाबाई दगडासमोर बसल्या होत्या. पदर तसाच पुढे, त्याच्या आडून एकटक बघत होत्या. सून-सासरा तीन वर्षं एका घरात राहिले, पण सासऱ्याकडे मान वर करून पाहायची रीत नव्हती. तोंड आज पहिल्यांदा पाहिलं, तेही दगडाचं.

मला लाज वाटली. लिहून ठेवतो, लाज वाटली. त्या लोकांनी धुडकूचं नाव राहावं म्हणून दगड रोवला, आणि माझं राहावं म्हणून मी त्याच्यावर दुसऱ्याचं चिकटवलं.

तरी घोड्याची घडण जरा जुन्या वळणाची वाटते. मिसबाहला विचारावं का?

नको.

२० जानेवारी
खुलासा लिहिला. तीन पानं. पहिल्या दोन पानांत संशोधनातल्या अडचणी, हवामान, पंक्चर इत्यादी. कोकिळेनं वाचला आणि लाल पेन मागितलं. उरल्या दोन ओळी : खड्गपाल नावाचा कोणी वीर नव्हता. हे मी न विचारता, न तपासता लिहिलं.

पाठवला. कार्यक्रम रद्द. बहिणीनं फोन करून तब्येत विचारली, जीपचा विषय काढला नाही. ग्रुपवर त्रेसष्ट जणांना कळवलं. अध्यक्षांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मिसबाहचा मेसेज : सर, अशी तारीख कोरलेला दगड क्वचित मिळतो, मी त्याची नोंद करणार आहे, तुम्ही सोबत असाल का? उत्तर दिलं नाही. उद्या देईन.

चहा मोजायचं सोडलं.

२४ जानेवारी, संध्याकाळी ७, धुळे स्टँड
आज हॉलमध्ये टाळ्या व्हायच्या होत्या. त्याऐवजी पेन ड्राइव्ह घेऊन झुलाल नानांकडे गेलो. त्यांच्यासमोर फिल्म पुसून टाकायची, माफी मागायची, चहा न घेता निघायचं. असा प्लॅन.

नाना म्हणाले, देखाडा तं खरं आधी. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. पंधरा-वीस माणसं जमली. भागाबाई दाराशी, पाठमोऱ्या, पदर ओढून. टीव्हीवर सासरा ना. खड्गपालानं एकट्यानं चाळीस शत्रू कापले तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. भागाबाई तिकडूनच म्हणाल्या, त्यास्नी कधी कोंबडी बी नही मारी. मी जमिनीकडे बघत होतो. पाकळ्या पडल्या तेव्हा कोणीतरी विचारलं, लगन कोणाचं?

मग खड्गपाल घोड्यावरून उतरून पाणी पितो ते आलं. भागाबाईंनी नेमकं तेव्हाच वळून पाहिलं. उठून टीव्हीपाशी आल्या. म्हणाल्या, मांगे ल्या. मागे घेतलं. पुन्हा म्हणाल्या, मांगे ल्या. चारदा पाहिलं. पदर कधी खाली आला ते त्यांना कळलं नाही. त्या रडत होत्या.

म्हणाल्या, आबा असंच पाणी पेत. रस्त्याच्या कामावरून आले की त्या तांब्यानं पाणी ओतायच्या आणि आबा एका हाताच्या पशानं प्यायचे, डावा हात असा लांब उंच धरून. घड्याळ भिजू नये म्हणून. तोंड कधी पाहिलं नाही, पण तो हात रोज पाहिला. हे तुम्हले कोनी सांगं भाऊ?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडापर्यंत आलं होतं, की संशोधन. चौतीस वर्षांचा डोळा.

सांगून टाकलं. खड्गपाल झालेला अतिक नईमचा आतेभाऊ. मे महिना होता. तहानेनं जीव चालला म्हणून तो मध्येच उतरला आणि टँकरच्या नळाखाली पसा धरून प्यायला लागला. मनगटावरचं कवच पुठ्ठ्याचं, भिजलं तर मी ओरडेन म्हणून तो हात लांब धरला. स्क्रिप्टमध्ये ते नव्हतंच. नईमचा कॅमेरा चालू राहिला.

भागाबाईंनी ऐकलं की नाही, कोण जाणे. म्हणाल्या, एवढंच ठी द्या, बाकी पुसी टाका.

पुसलं. पाण्याचं तेवढं नानांच्या फोनवर टाकलं. सहा सेकंद भरलं.

बेचाळीस मिनिटांच्या फिल्ममध्ये खरा इतिहास सहा सेकंदांचा. आणि एडिटिंगच्या वेळी मी नईमला लेखी सांगितलं होतं, एवढं काप. तो विसरला.