मागच्या खोलीतला अज्ञात पुरुष

शनिवार, ९ जानेवारी १९९३

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. यूलालीच्या बैठकीत, तिच्या मोठ्या घड्याळाच्या साक्षीनं माझा अपमान झाला. वेळ लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

यूलालीच्या मुलानं नाताळात तिला एक सीडी पाठवली. इंग्लंडातल्या 'टिन लँटर्न' नावाच्या कंपनीनं काढलेली. 'मागच्या खोलीतली गाणी : न्यू ऑर्लीन्सचं सुरुवातीचं रिदम अँड ब्लूज.' सोबत जाडजूड पुस्तिका. "ऐक गं, आपल्या पोरवयातली गाणी!" म्हणून तिनं लावली. मी मजेत कार्निव्हलचा किंग केक खात होते. नववं गाणं सुरू झालं आणि हातातला घास परत बशीत गेला.

'जिन्यावरून हळू उतर.'

पियानोवर ओव्हिड लाबात. गातोयही तोच — उतर, सखे, उतर. आणि त्याला उत्तर देणारी सखी — उतरते की, पण घाई कसली? — तिचा आवाज एखाद्या गोदीतल्या हमालाचा!

"कोण गं हा बाप्या?" यूलाली हसत सुटली. मग चष्मा लावून पुस्तिका मोठ्यानं वाचू लागली : "'स्त्रीचा भाग कुणा अज्ञात पुरुषानं गायला आहे. नक्कल बरी साधली आहे.'"

बरी! साधली! आहे!

"यूलाली," मी म्हटलं, "तो बाप्या मी आहे."

तिच्या नाकातून कॉफी आली. खरंच. नाकातून.

तिलाही ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. सतरा वर्षांची होते. फर्नांच्या रेडिओ दुकानामागची खोली, मध्यभागी एकच माईक, दारावर आवाज अडवायला घोंगडी. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात. सिस्टर पर्पेच्युआला सुगावा लागला असता तर शाळेतून नाव कमी झालं असतं. म्हणून तबकडीवर छापलं, 'ओव्हिड लाबात आणि सखी'. सखी चाललं मला. सखी होणं निराळं. अज्ञात पुरुष!


रविवार, १० जानेवारी

यूलालीनं "फक्त मॅग्डालीनला" सांगितलं. मॅग्डालीनला सांगायचं म्हणजे चर्चची घंटा वाजवायची. मिस्सेनंतर दारात उभ्या स्वयंसेवकानं टोपी काढली आणि म्हणाला, "सावकाश उतरा, सर. पायऱ्या ओल्या आहेत."

फादर मोराँ खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे वळले. खांदे हलत होते त्यांचे. सगळं दिसतं मला. उभी हयात चौथीच्या वर्गासमोर काढली आहे.

मीही घरी येऊन हसले. पण हे यूलालीला कळता कामा नये.


मंगळवार, १२ जानेवारी

लंडनला पत्र धाडलं. सुरुवात अशी केली :

'महोदय, मी पुरुष नाही. कधीही नव्हते.'

यूलाली खांद्यावरून वाचत होती. "पुरावा म्हणून फोटो जोड."

"कसला फोटो?"

"तुझा! दुसरा कसला? कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईचं डोकं जातं तरी कुठे!"

पुढे लिहिलं की मेलेल्या माणसाबद्दलची चूक पोटात घालता येते, पण मी जिवंत आहे, सेंट बर्नार्ड अव्हेन्यूवर राहते, रोज सकाळी केस विंचरते, आणि माझं नाव त्या पुस्तिकेत छापून आलं पाहिजे. पैसे नकोत. नाव हवं. नक्कल बरी साधली आहे, हे वाक्य मात्र काढावं. ती नक्कल नव्हती. तो अस्सल माल होता!


बुधवार, १३ जानेवारी

भाजीवालासुद्धा 'मिस्टर' म्हणाला. भेंडी परत ठेवली.


शुक्रवार, २२ जानेवारी

लंडनहून फोन! कुणी पेटिग्रू म्हणून. तरुण आवाज, लोण्यासारखा मऊ. तीनदा दिलगिरी व्यक्त करून मग मूळ मुद्द्यावर आला. म्हणाला, त्या गाण्यातल्या पियानोचे सूर पाहिले तर कुठलाही पियानोवाला त्या पट्टीत वाजवणार नाही. म्हणजे मूळ तबकडीवर गाणं मुद्दाम वेगवान केलेलं असणार. तेव्हाचे दुकानदार तसं करत, गाणं चटपटीत वाटावं म्हणून. सबब त्यांच्या तज्ज्ञांनी ती हळू फिरवून 'सुधारली'.

मी म्हटलं, "बाळा, फर्नांचा पियानो पुरात पोहून आला होता. तारा ताणायला गेलं की तुटत. म्हणून सगळाच्या सगळा अर्धा सूर उतरवून ठेवला होता."

पलीकडे कागद खसखसले.

"म्हणजे बिघडलेला पियानो," मी म्हटलं, "आणि दुरुस्त केलंत मला!"

माझा आवाज मुळातच खर्जाचा. सिस्टर पर्पेच्युआ मला समूहगायनात मागच्या रांगेत, खांबाआड उभी करायची. त्यात आणखी खाली ओढल्यावर हमाल नाही तर काय होणार?

मग तो चाचरत म्हणाला, "पण मॅडम, आम्ही केवळ कानावर विसंबलो नाही. खुद्द श्री. लाबात यांना विचारलं होतं. त्यांनीच सांगितलं, तो पुरुष होता."

ओव्हिड!

ओव्हिड, जो माझ्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो. सातव्या वॉर्डातल्या निम्म्या घरांच्या छतांना ज्यानं गिलावा केला. जो दर रविवारी मला बघून टोपी उचलतो आणि पुढे जातो, मी एखादा पुतळा असल्यासारखा. त्यानं सांगितलं मी पुरुष होते!

लंडनला माफ केलं. तोफ इकडे वळवते.


रविवार, २४ जानेवारी

बेकरीच्या रांगेत गाठला. माझ्या पुढे चार माणसं, त्यांच्या पुढे तो. चौघांनी वाट दिली. माझं तोंड बघूनच दिली.

"श्रीयुत लाबात."

"मिस बार्थे." टोपी निघाली.

"लंडनच्या माणसाला आपण काय सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, दुसरं कोण गातंय. मी म्हटलं, मोबिल शहरातून आलेला कुणी गडी होता. नाव आठवत नाही."

"मोबिलचा गडी?"

"अगं, तूच तर सांगितलं होतंस!" — 'मिस बार्थे' कुठल्या कुठे गेली — "सेंट एक्सपेडाइटच्या पुतळ्यापुढे उभं करून. कुणी विचारलं तर म्हण, मोबिलहून आलेला गडी. पाउंड केकचा तुकडा ठेवून शपथ घातलीस मला."

"ती शाळेपुरती होती!"

"'शाळेपुरती' म्हणाली नव्हतीस. 'मरेपर्यंत' म्हणालीस. मी अजून मेलेलो नाही, ओडील."

रांग हसली. सगळी रांग! बेकरीवाली तर काउंटरवर डोकं टेकून हसत होती. सतराव्या वर्षी माणूस 'मरेपर्यंत' कशालाही म्हणतं. आईसक्रीमलाही म्हणतं. हा मनुष्य ते धरून बसला!

म्हटलं, आत्ताच्या आत्ता लंडनला खरं कळव. मान हलवली त्यानं. "सिस्टर पर्पेच्युआला फसवलं, चाललं. सेंट एक्सपेडाइटला नाही फसवणार. तो झटपट देतो आणि झटपट काढून घेतो. माझ्या भावानं नवसाचा केक बुडवला होता, त्याच आठवड्यात मोटार गेली त्याची. शपथ घातलीस तिथेच येऊन सोडव."

भित्रा! म्हातारा झाला तरी भित्रा!

(त्याचे केस अजून दाट आहेत. पांढरे, पण दाट.)


शुक्रवार, २९ जानेवारी

पाउंड केक भाजला. पहिला मध्ये बसला. दुसरा भाजला.


शनिवार, ३० जानेवारी

रॅम्पार्ट स्ट्रीटच्या चर्चमध्ये सेंट एक्सपेडाइट आपल्या कोपऱ्यात जसाच्या तसा उभा. ओव्हिड आधीच हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि हातात प्लास्टिकच्या पुडीतला केकचा तुकडा.

"हे काय?"

"केक."

"पेट्रोलपंपावरचा? त्या संताला?"

त्यानं मुकाट्यानं खिशात घातला. मी माझा ठेवला आणि हळूच पुटपुटले. ओव्हिड म्हणाला, "मोठ्यानं म्हण. शपथ मोठ्यानं घातली होतीस." म्हणून मग मी मोठ्यानं म्हटलं, की मी, ओडील बार्थे, ओव्हिड लाबातला मोबिलच्या गड्यापासून मुक्त करते. मागच्या बाकावर जपमाळ ओढणारी एक म्हातारी ओरडली, "ऐकलं बाई आम्ही! आता आमच्या प्रार्थना जाऊ देत वर!"

आम्ही दोघं बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो आणि इतकं हसलो की मला उचकी लागली. पुडीतला केक त्यानं मला दिला. वाईट नव्हता. हे त्याला सांगितलं नाही.


मंगळवार, २ फेब्रुवारी

आज सकाळी (तिकडे दुपार) पेटिग्रूचा फोन, यूलालीच्या घरी; ओव्हिडलाही तिथेच बोलावलं होतं. ओव्हिडनं त्याला सगळं खरं सांगितलं. पण पेटिग्रूच्या तज्ज्ञांचं समाधान होईना. एकदा पुरुष, एकदा बाई, श्री. लाबात वर्षाआड शब्द फिरवतात. दुसरी आवृत्ती छापायला जाणार आहे, तीत बदल करायचा तर आवाज ऐकू द्या.

"आत्ता?" मी विचारलं.

"आपल्याला जमत असेल तर, मॅडम."

जमत असेल तर! मी एप्रन काढला.

यूलालीनं फोनचा रिसीव्हर पियानोवर धरला, दोन्ही हातांनी, मानाची वस्तू मिरवणुकीत धरतात तसा. तिचा पियानो उत्तम लागलेला. ओव्हिडनं अर्धा सूर खाली धरून सगळं वाजवायला घेतलं. निम्मी बोटं काळ्या पट्ट्यांवर घसरत होती, गिलाव्यानं जाड झालेली बोटं, आणि तोंडानं तो फर्नांच्या पियानोला शिव्या घालत होता. पहिल्या ओळीला माझा आवाज फुटला. घोगरा, चिरका. यूलालीनं डोळे मिटले. मी म्हटलं, संपलं, आता जन्मभर मोबिलचा गडीच!

ओव्हिड वाजवायचा थांबला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त तीच ओळ पुन्हा घेतली, जरा सावकाश — उतर, सखे, उतर.

आणि उतरले!

पुढे काय झालं, नीट सांगता येत नाही. पाय आपोआप ठेका धरू लागले. मधली ती किंकाळी — पुस्तिकेत जिला 'पुरुषी आरोळी' म्हटलंय — ती अशी लागली की शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबून रडू लागला. यूलालीनं मात्र रिसीव्हर सोडला नाही.

गाणं संपलं. मग लंडनहून आवाज आला : "मिस बार्थे, मी आपली मनापासून क्षमा मागतो. आणि... पुन्हा एकदा म्हणाल का?"

"नाही," मी म्हटलं. पण गाणं म्हटलं. दोनदा.

नंतर ओव्हिड माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. मी सहज विचारलं, त्याच्याकडे ती तबकडी अजून आहे का. म्हणाला, आहे, पण कितीतरी वर्षांत लावलेली नाही.

"का रे? एवढं वाईट गायलो होतो?"

"क्लिओ असताना लावायचो नाही." त्याची बायको. आठ वर्षं झाली तिला जाऊन. भली बाई, तिच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. "बरं दिसलं नसतं," तो म्हणाला. टोपी उचलली आणि गेला.

मी फाटकात उभी. एकही टोमणा सुचला नाही. असं याआधी कधी झालेलं नाही.


बुधवार, ३ फेब्रुवारी

अजूनही सुचला नाही.


शनिवार, १३ फेब्रुवारी

लंडनहून पाकीट! दुसऱ्या आवृत्तीत गाणं योग्य वेगानं येणार. 'अज्ञात पुरुष' जाणार. 'नक्कल' जाणार. त्या जागी गायिका म्हणून माझं संपूर्ण नाव. ते कसं छापायचं, हे सही करून लेखी कळवा. महिनाअखेरीस पुस्तिका छपाईला जाते.

यूलालीनं मला धरून बैठकीत गरागरा फिरवलं. दिव्याची काच फुटली. "फुटू दे!" म्हणाली. तो दिवा तिच्या सासूचा होता, तिला तो कधीच आवडला नव्हता.


शुक्रवार, १९ फेब्रुवारी

मार्दी ग्राच्या सणाच्या मिरवणुका रोजच्याच झाल्यात. ढोलताशानं खिडक्या हलतात. ओव्हिड वाडगाभर गंबो रस्सा घेऊन आला; झिंगे जास्त शिजवलेले. तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, "मग उद्या तू शिकव." उद्या!

तो गेल्यावर यूलालीनं विचारलं, "लंडनला नाव कळवलंस?"

"विचार करतेय."

"नावाचा कसला विचार? बाप्तिस्म्यापासून तेच तर आहे!"

मी गंबो दुसऱ्यांदा वाढून घेतला.


रविवार, २१ फेब्रुवारी

आज मिस्सेला जाताना ओव्हिडच्या दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीची नक्कल :

'श्री. ओव्हिड लाबात यांस. लंडनच्या पुस्तिकेसाठी मला माझं संपूर्ण नाव कळवायचं आहे. "ओडील" एवढं नक्की आहे. त्यापुढे बार्थे लिहू की लाबात, ते आपण सांगावं. तोंडी उत्तर चालणार नाही. आपल्या सहीचं लेखी उत्तर परवा, मार्दी ग्राच्या मंगळवारी, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. बुधवारपासून उपासाचा काळ सुरू होतो, आणि उपासात मी गोड काहीही स्वीकारत नाही.'