चार वेळा खोडलेला देश

प्रिय ताई,

पाकिटावर तुझा पत्ता आधी लिहिला आणि मगच हा कागद पुढ्यात ओढला. याआधीची तीन पत्रं बिनपत्त्याची माझ्या टेबलाच्या खणात पडून आहेत. दोन ओळी झाल्या की मला कुणाला तरी फोन करायचा आठवायचा, आणि पत्र तिथंच राहायचं. पत्ता घातलेलं पाकीट समोर असलं की निदान लाज तरी वाटते. फोनवर हे बोलता येणार नाही. तू नेहमीसारखं बरं, बरं म्हणशील, मुलांची चौकशी करशील, आणि मी तुला मुलांचे गुण सांगत बसेन.

जेवणाची सुट्टी सुरू झाली आहे. डबा उघडला नाही. मी अजून त्याच कारखान्यात आहे, त्याच लेबलांच्या टेबलावर. परदेशातून येणाऱ्या बरण्या, पाकिटं, डबे उलटेपालटे करायचे, मागचं मुंगीएवढं अक्षर भिंगातून वाचायचं, प्राण्यापासून आलेलं काही आढळलं की लाल ठिपका, नाही आढळलं तर हिरवा. घरात तुम्ही मला लहानपणी इन्स्पेक्टर म्हणायचात, त्याचा असा पगार मिळायला लागला. आता या खोलीत मी एकटीच आहे, पंखा कुरकुरतोय, आणि मी दर पाच मिनिटांनी उठून खिडकीपाशी जाऊन येतेय. खाली टपालपेटी दिसते. ती अडीचला उघडतात.

बातमी अशी की आम्ही मुलांच्या सुट्टीत परदेशी जायचं म्हणतोय. मी, नवरोबा, थोरली, धाकटा आणि आई. आईचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो. तिनं स्वतःच जाहीर केलंय की नवा काढायचा नाही, गुडघ्यांनी परवानगी दिलेली नाही, तेव्हा हा शेवटचा मोठा प्रवास. प्रवास कंपनीचा माणूस दीड महिना आमच्यामागे लागलाय. आज पाचपर्यंत ठिकाण सांगितलं नाही तर तिकिटं हातची जातील असं तो काल म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातलं हसू गेलेलं होतं.

थोरलीनं आशियाचा मोठा नकाशा फ्रिजवर चिकटवला आणि शेजारी तक्ता केला. बघायला काय, खेळायला काय, आजीला चालायला किती, आणि शाकाहारी जेवण कुठे मिळेल. बारा वर्षांची झाली आहे, पण पट्टी लावून रेघा मारते, अगदी तुझ्यासारखी. धाकट्यानं जपान म्हटलं, त्याला ती सुसाट गाडी हवी. मी सांगितलं की तिथे नुसत्या भाज्यांच्या वाडग्यातही माशाच्या पाण्याचा रस्सा असतो. जपान गेलं. नवरोबांनी व्हिएतनाम काढलं, गुहा आहेत, नावा आहेत. मी म्हटलं, तिथे माशाची आंबवलेली चटणी कशाकशात पडते याचा हिशेब मी रोज भिंगातून करते, मला सुट्टीत तरी सुट्टी द्या. इथवर सगळ्यांना पटलं. आपल्या घरात आधी पोटोबा, हे कुणाला सांगावं लागत नाही.

पण मग श्रीलंका आलं. तिथे जेवणाची अडचण नव्हती, तर मी उकाडा काढला. नवरोबांनी शांतपणे दाखवून दिलं की त्या महिन्यात आपल्याकडेच जास्त तापतं. मग मी डास काढले. तैवान आलं. त्या माणसानं फोटोच पाठवले, गल्लीगल्लीत शुद्ध शाकाहारी खानावळी, कांदा-लसूणसुद्धा नाही. आई चष्मा लावून बघत बसली, खूश झाली. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, विमान बदलावं लागतं, आईचे गुडघे. आई म्हणाली की गुडघे माझे आहेत, तू कशाला त्यांची वकिली करतेस. नाचता येईना अंगण वाकडं, असं नवरोबा पुटपुटले आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले.

विमान बदलावं लागतं ते तुझ्या शहरात, ताई. श्रीलंका सोडली तर त्या माणसानं काढलेल्या प्रत्येक मार्गावर तुझं शहर येतं, आणि श्रीलंकेला तुला टाळून गेल्यासारखं वाटलं असतं. तीन तास, पाच तास, एका मार्गावर तर अख्खी रात्र. तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर बसून आम्ही कागदी कपातून चहा पिणार आणि पुढे जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायचं, आणि मी तो देश खोडायचे. तुझा देश तर थोरलीनं अगदी पहिल्याच दिवशी तक्त्यात घातला होता. तो मी चार वेळा खोडला. मी खोडला की ती दुसऱ्या दिवशी खाली पुन्हा लिहायची, न बोलता, पट्टी लावून.

पाच वर्षं झाली. तुझ्या त्या जेवणाबद्दल आपण दोघी एक शब्द बोललेलो नाही, म्हणून मीच बोलते. मला सगळं आठवतं. आईला तुझ्या घरी यायला तयार करायला तुला दोन वर्षं लागली होती. मासे खाणाऱ्याच्या घरात पाणी कसं प्यायचं, हा तिचा एकच घोष. मग तू महिनाभर आधी सगळी भांडी नवी घेतलीस. झाऱ्यांच्या दांड्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच होती. भावजी महिनाभर मासे खायला त्यांच्या भावाकडे जात होते. फडताळातल्या प्रत्येक बरणीवर तू स्वतःच्या हातानं कागद चिकटवले होतेस, आईला चालेल, आईला चालेल, आईला चालेल. आणि मी पोचल्याबरोबर काय केलं? एकेक बरणी उचलून उलटी केली. तू बघत होतीस. हसून म्हणालीस, इन्स्पेक्टर आल्या.

तू मशरूम आणि डाळीचं ते सूप केलं होतंस. आई एक वाटी प्यायली. मग आपणहून दुसरी मागितली. आपल्या आईनं कुणाच्या घरी दुसरी वाटी मागितल्याचं मला तरी आठवत नाही. भावजींनी आमच्यासाठी मराठीतले तीन बोल पाठ केले होते, या, बसा, आणि पोटभर जेवा, त्यांतला शेवटचा ते सारखा म्हणत होते. दुसरी संपली तेव्हा आईनं वाटी पुढे केली, तू पळी घेऊन उठलीस, आणि नेमकी तेव्हाच मी पाणी घ्यायला ओट्यापाशी आले होते. शेगडीमागे एक डबा होता. लाल झाकणाचा, तुझा कागद न चिकटवलेला. त्यावर मासा छापलेला होता, शेपटी वळवलेला. अक्षर मला वाचता येत नव्हतं. मासा येत होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला. डबा टेबलावर आणून ठेवला आणि म्हटलं, आई, यात मासा आहे. तू म्हणालीस, नाही गं, मी दुकानदाराला तीनदा विचारून आणलाय, रोजच्या हाताशी होता म्हणून कागद लावायचा राहिला. मी तुला भावजींच्या देखत, मुलांच्या देखत सांगितलं की मी रोज हेच काम करते, तू मला शिकवू नकोस. आई उठली. हात धुतले. भावजींना काही कळलं नव्हतं, ते आपले तिच्या मागे जाऊन पोटभर जेवा, पोटभर जेवा म्हणत राहिले. पातेलं मोरीत रिकामं केलंस आणि पाणी सोडलंस. आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो, ठरल्यापेक्षा सहा दिवस आधी.

त्यानंतर आईनं कुठलंच सूप तोंडाला लावलं नाही. तुझं नाव काढलं की म्हणते, तिनं मुद्दाम केलं नसेल, पण माझं मन उठलं ते उठलं. तू मुलांच्या वाढदिवसाला भेटी पाठवतेस, त्या ती आधी स्वतःच्या हातात घेऊन बघते, मग मुलांना देते. हे तुला माहीत नसेल म्हणून लिहितेय.

परवा मंगळवारी थोरलीनं तुझा देश पाचव्यांदा लिहिला. खोडायला मी पेन्सिल उचलली आणि तिनं त्या ओळीत काय भरलंय ते या वेळी पहिल्यांदाच वाचलं. शाकाहारी जेवण कुठे मिळेल, या रकान्यात बाकी देशांसमोर तिनं खानावळींची नावं, कसलेकसले पत्ते, प्रश्नचिन्हं भरली होती. तुझ्या देशासमोर एकच शब्द होता. मावशी.

मी पेन्सिल ठेवली. आई मागच्या पायरीवर मटार सोलत होती, तिच्याजवळ जाऊन बसले आणि जे तिला सांगितलं तेच आता तुला सांगते. त्याच्यासाठीच हे पत्र आहे, सहलीबिहलीसाठी नाही.

ताई, त्या डब्यात मासा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तोच डबा माझ्या टेबलावर आला, मंजुरीसाठी. लाल झाकण, वळवलेली शेपटी. या वेळी मागे आपल्याला वाचता येणारं लेबल होतं. सुकवलेलं मशरूम, समुद्री शेवाळ, सोयाबीन, मीठ. मी तीनदा वाचलं. विश्वास बसेना म्हणून आणणाऱ्या कंपनीला फोन लावला, तर तिथली बाई हसली, म्हणाली मासा म्हणजे त्यांच्या दुकानाची जुनी खूण, त्यांच्या मिठाच्या पाकिटावरही असतो. प्रयोगशाळेतही पाठवला. स्वच्छ होता. मी माझ्या हातानं त्याला हिरवा ठिपका लावला आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. दोन वर्षं. आधी म्हटलं, आईला बरं नाही, नंतर सांगू. मग म्हटलं, आता इतक्या उशिरा कशाला. खरं सांगू? अख्ख्या घरात माझी एकच पत होती, की इन्स्पेक्टर चुकत नाही. तेवढ्यासाठी मी तुझं माहेर तोडलं आणि ते तुटलेलं ठेवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझं उलटं झालं, मी न खाता खवखवत राहिले.

आईनं सगळं ऐकलं. हात थांबला नाही तिचा. टोपली संपल्यावर विचारलं, तुला कधी कळलं. मी सांगितलं. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. काल दिवसभर ती सगळ्यांशी बोलली, कामवालीशी, धाकट्याच्या मित्राशी, दूधवाल्याशी सुद्धा, फक्त माझ्याशी नाही. रागावू दे. तू रागावलीस तर तेही बरोबर आहे. मला माफ कर असं मी लिहिणार होते, पण ते मागायला मी समोर उभी राहिले पाहिजे, कागदाच्या आडून नाही.

सव्वादोन झालेत. हे पाकीट पेटीत टाकलं की मी त्या माणसाला फोन करून तुझ्या शहराचं नाव सांगणार आहे. सुट्टीच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही पोचू. राहायची सोय बाहेर करतोय. तुला दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मुलांना मी खरं कारण सांगेन, त्यांनाही ते कळायला हवं. उघडलंस तर मी तुझ्या ओट्याकडे फिरकणार नाही, वाढशील ते मुकाट्यानं जेवेन. आणि हो, आज सकाळी मी निघताना आई दारात आली. तिचा पासपोर्ट माझ्या हातात ठेवला आणि मंगळवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, तिला कळव, माझी तिसरी वाटी राहिली आहे.

तुझीच,
इन्स्पेक्टर