कोपर सपाट धरून

४ मार्च
बायकोचा उजवा हात भाजला. कोपराच्या आतल्या बाजूला, चांगला तळहाताएवढा. केटल कलंडली. केटल कलंडली कारण तिच्या वायरीत माझ्या लॅपटॉपचा चार्जर गुंतला होता. चार्जर तिथे का होता, ही चर्चा आज नको. जखमा कशा भरतात याचं गणित मी इतकी वर्षं मांडतोय आणि घरात साधं मलम सापडेना.
संकल्प: रात्री माफी मागायची.

५ मार्च
माफी राहिली. ती गोळी घेऊन झोपली होती. झोपलेल्या माणसाला उठवून माफी मागायची म्हणजे आणखी एक गुन्हा.
डॉक्टर म्हणाले की जखम भरेल, पण भरताना कातडी आक्रसते, आणि सांध्यावरची आक्रसली तर हात वाकडाच राहतो. म्हणून व्यायाम. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने हात सरळ ताणायचा, झोपताना पट्टी बांधून सरळ ठेवायचा. बायकोचं पार्लर आहे. तिने एवढंच विचारलं की कात्री कधी धरता येईल. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी म्हणालो, तारीख मी गणिताने काढून देतो.

८ मार्च, सकाळी
रोज ड्रेसिंग बदलताना फोटो. फोटोवरून क्षेत्रफळ. मॉडेल सोपं आहे: कडेची कातडी वाढत आत येते, शिवाय आतल्या पेशी कडांना ओढून घेतात, दोन्ही मिळून जखम मिटते. कातडी सपाट चादर धरली आहे. सगळेच धरतात.
असा डेटा जन्मात मिळाला नव्हता. हे मनात आलं आणि स्वतःची लाज वाटली. मग फोटो नीट सेव्ह केले.
माफी नुसती कोरडी मागण्यापेक्षा ग्राफसकट मागावी. तिलाही बरं वाटेल.

१३ मार्च
ग्राफ बिघडला! व्यायामाने कडा ताणल्या जातात, क्षेत्रफळ वाढतं. बायकोला सांगितलं की फोटोसाठी हात रोज सारखाच वाकवून ठेव, आणि ग्राफ स्थिरावेपर्यंत व्यायाम जरा बंद. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारूया का? मी म्हणालो, त्यांना पेशंट कळतात, मला तू कळतेस. वाक्य फार छान जमलं. पट्टीही सोडायला लावली. पट्टीचे वळ फोटोत येतात. नाहीतरी व्यायाम दुखायचाच तिला, म्हणजे एका अर्थी सुटकाच केली.
झोप लागली नाही. कॉफी जास्त झाली असावी.

२२ मार्च
जखम मॉडेलपेक्षाही झपाट्याने आक्रसतेय. विभागप्रमुख खूश. सेमिनार दे म्हणाले. बायकोला विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखं. म्हटलं, अगं, तेच माझ्या समीकरणातलं दुसरं पद!
ती हसली नाही.

२ एप्रिल
जखम पूर्ण मिटली. सेमिनार झाला. टाळ्या. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं की जखम मिटली तेव्हा हात कितपत सरळ होत होता. मी म्हणालो, तो या मॉडेलचा विषय नाही. उत्तर बरोबरच होतं. चहाबरोबरचं बिस्किट मात्र बशीतच ठेवून आलो.

३ एप्रिल
बायकोला म्हटलं, हात सरळ कर. म्हणाली, हा सरळच केलाय. नव्हता.
वरच्या फळीवरचा डबा ती डाव्या हाताने काढते. कधीपासून, असं विचारलं. म्हणाली, बरेच दिवस झाले, तुझं लक्ष फोटोत. काल पार्लर उघडून बघितलं होतं तिने. कात्री गिऱ्हाइकाच्या डोक्यापाशी नीट पोचेना, मग ब्लोअर बंद करून परत आली. मला सांगितलं नाही, कारण माझा सेमिनार होता.
आता तेल लावून मालीश सुरू. वरातीमागून घोडं. महिन्याभरात हात सरळ करून दाखवतो असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, उगाच कोपराला गूळ लावू नकोस. कोपर तिचंच असल्यामुळे वाद घातला नाही.
आज माफी मागणारच होतो. पण मालीश करताना मागितली असती तर मालीशच्या मोबदल्यात वसूल केल्यासारखी वाटली असती.

१० एप्रिल
ऑपरेशन करावं लागणार. व्रण कापून हात सरळ करायचा आणि मांडीची कातडी काढून तिथे लावायची. मग पुन्हा तेच ड्रेसिंग, तोच व्यायाम. पार्लर तोवर बंद.
डॉक्टरांनी विचारलं, एवढं बजावून व्यायाम का सोडला? मी तोंड उघडलं. इतक्यात बायको म्हणाली, "मीच आळस केला." आणि गप्प बसली. डॉक्टरही गप्प. खोलीत सगळे गप्प होते, वेळ भरपूर होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं. मी समजूतदारपणे मान डोलावली.
बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली, "आत मी तुला बोलायला जागा करून दिली होती."
मी म्हणालो, थांब, टॅक्सी बोलावतो.