या रविवारी आभार मानू नकोस

रत्नागिरी, मंगळवार

प्रिय करुणा,
प्रभूमध्ये सलाम.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? सुहासची परीक्षा झाली का?

आता खरं लिहितो. कारखान्यातली माझी नोकरी जूनमध्येच गेली. चोवीस वर्षं आमरसाचे डबे सील केले, आता ते काम मशीन करतं. दोन महिने तुला फोनवर "ड्यूटीवर आहे" असं खोटंच सांगत आलो.

परवा उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलो आणि सवयीने बोलून गेलो, "प्रभूने नोकरी सांभाळली, त्याचे आभार." सगळे आमेन म्हणाले. मला खाली बसवेना. तिथेच रडत सगळं कबूल केलं. पाळकसाहेबांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून मन शांत आहे. नोकरी गेली, पण प्रभूने मला सोडलेलं नाही.

आता भीती वाटते ती तुझी. परक्यांना आधी कळलं, तुला नंतर. पुढच्या आठवड्यात घरी येतो, तेव्हा हवं तेवढं बोल.

पत्र मुद्दाम स्पीड पोस्टाने पाठवतोय. तिकडे दर रविवारी तूही उभी राहून माझ्या नोकरीसाठी आभार मानतेस. या रविवारी मानू नकोस. खोटं माझं आहे, ते तुझ्या तोंडून देवापुढे जायला नको.

तुझाच,
शमुवेल