शेंडा वाळलेला नाही

दादा,

नमस्कार. थोरला आहेस म्हणून करते, राग गेला म्हणून नव्हे.

मी बरी आहे. खोलीला मोठी खिडकी आहे, जेवण वेळेवर होतं. एवढं आईला वाचून दाखव, पुढचं तुझ्यासाठी.

मागच्या दारचं झाड मेलं, शेंड्यावर पान उरलं नाही, म्हणून करवतवाल्याला बोलावलंस असं लिहितोस. वर टोमणा, "पाखरं शिकलीस, झाडातलं तुला काय कळतंय?" तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पानं वाळून गळलेली नाहीत, खुडलेली आहेत. पिवळी सुगरण घरटी विणण्याआधी फांद्यांची पानं स्वतःच ओरबाडते. ही नेहमीची सुगरण नव्हे. ती पुष्कळ आहे. ही जगातच थोडी उरली आहे, नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. इथे आम्ही तिला शोधत रानं तुडवतो आणि तू तिच्यावर करवत चालवतोस.

फांदी आईच्या खोलीवर पडेल, ही काळजी तुला आत्ताच सुचली? झाडाच्या जागी गाडीसाठी शेड घालायची आहे, हे वहिनी फोनवर बोलून गेली. तिच्यावर डाफरू नकोस.

आईचा खोकला कसा आहे? खरं लिही.

वनखात्याला मी कळवलं आहे, तुझं नाव देऊन. पिलं उडून जाईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. तोवर फांदीची भीती खरीच वाटत असेल, तर आईला तुमच्या पुढच्या खोलीत झोपव आणि मागे तू झोप.

तुझी धाकटी बहीण