दडूसाठी लावलेलं पान

केडगाव,
१२ ऑक्टोबर १९९८

ती. भाऊस,
धाकट्या स्टेलाचा सलाम. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर कधी निघणार ते लिडियावहिनींनी कळवलं नाही. शाळा चुकवायला मास्तरनं चांगली युक्ती काढली, असं आई म्हणते.

बातमी मोठी आहे. एका बंद पडलेल्या कंपनीनं भंगारात काढलेले तीन कॉम्प्युटर मी टायपिंगच्या क्लाससाठी आणले होते. तिघांचे अवयव जुळवून एक चालू केला. झाकण बसत नाही, म्हणून टेबलफॅन समोर ठेवते. फोनच्या तारेनं तो जगाला जोडला जातो. त्याच्यावर मी आपल्या शमुवेलचं पान लावलंय. घर सोडून एकोणीस वर्षं झाली आपल्या ह्या भावाला. कुठं बोटीवर, परदेशात असला तर बघेल. त्याचा फोटो, आईचा फोटो, घरचं सगळं लिहिलंय. दडू हे लाडकं नावही, आईच्या हट्टानं. यंत्राला आपली अक्षरं येत नाहीत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

फोन जोडलेला असेतोवर पान दिसतं, सोडला की गेलं. म्हणून मी सोडतच नाही. आईनं त्याच्यापुढं स्टूल टाकलंय. दुपारभर बसून असते. किती जणांनी पाहिलं तो आकडा खाली येतो. काल सात होता. पानाची छापील प्रत सोबत आहे.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझी स्टेला

---

मिरजगाव,
२० ऑक्टोबर १९९८

चि. स्टेला हिस,
दानीएलचा आशीर्वाद. आम्ही इकडे प्रभुकृपेनं ठीक. पाय सोडून.

प्रत दोनदा वाचली. इंग्रजी अक्षरांतलं आपलं घर वाचताना परक्याच्या खिडकीतून आत बघितल्यासारखं वाटलं. काल संध्याकाळच्या प्रार्थनेत तुझ्या यंत्राचंही नाव घेतलं, तर लिडिया हसली.

पण बाई, पुणे रस्त्यावरचा प्लॉट आईच्या नावावर आहे हे जगाला कशाला सांगितलंस? तू क्लासला गेलीस की आई दुपारी एकटी असते, हेही त्यात आहे. शमुवेलला ओळख पटावी म्हणून लिहिलंस, मला कळतं. पण ते वाचून दुसराही कोणी ओळखीचा होऊन येईल. तेवढ्या ओळी काढ. सांगायला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एंगेज.

आईच्या पाया पडतो असं सांग. देव तुम्हा दोघींना आपल्या सावलीत ठेवो.
तुझा भाऊ दानीएल

---

केडगाव,
५ नोव्हेंबर १९९८

ती. भाऊस,
सलाम. वि. वि.

बस आधी खाली, मग वाच. शमुवेलचं पत्र आलं! कॉम्प्युटरवरच आलं. खाली नाव Dadu. मिशनची शाळा, कोपरावरचा व्रण, बाबांचं शेवटचं आजारपण, सगळं त्याला माहीत आहे. आकडा एका आठवड्यात नव्वदवर गेला होता, तो हाच बघत असणार बिचारा. बावीस तारखेला, रविवारी येतो म्हणतो. प्लॉट अजून आईच्याच नावावर आहे का, असंही विचारलंय. घराची काळजी दुसऱ्या कोणाला असणार?

त्या ओळी काढायच्या राहिल्या, रागावू नकोस. तू म्हणजे आमच्या घरातला थोमा, जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाहीस. म्हणून त्याला तुझा पत्ता दिलाय, तुलाही लिहील. आईनं सगळ्या गल्लीला सांगून झालंय. चार घास जास्त जेवते.

तुझा लोभ आम्हा तिघांवर राहू दे.
स्टेला

---

मिरजगाव,
१७ नोव्हेंबर १९९८, सकाळी

चि. स्टेला,
आशीर्वाद. हे उभ्या उभ्या वाच.

त्याचं पत्र काल पोस्टानं आलं. हातानं लिहिलेलं, मराठी अक्षरांत. मी तुझी छापील प्रत शेजारी ठेवली. आधी शाळा, मग व्रण, मग बाबा. त्याच क्रमानं, आणि त्यापलीकडे एक शब्द नाही. शेवटी सही आहे, तुमचा दादू.

आपला दडू हाक मारली की कणगीमागे दडून बसायचा, म्हणून दडू. इंग्रजी अक्षरं वाचणारा परका त्याचं दादूच करणार. शमुवेल तापात बरळला असता तरी स्वतःला दादू म्हणाला नसता. हा माणूस आपल्या घरातून नव्हे, तुझ्या पानातून आलाय.

बावीसला दार उघडू नकोस. आईला घेऊन आजच चर्चमध्ये पाळकसाहेबांकडे जा. तुझा फोन कालपर्यंत एंगेज होता. आज सकाळी वाजतो, पण कोणी उचलत नाही, म्हणून जास्तच भीती वाटते. शेजारचा गोरक्षनाथ टेम्पो घेऊन नगरला निघालाय, त्याच्या हाती देतो. उत्तर त्याच्याजवळच दे. मला चालता येत असतं तर पत्र आलं नसतं, मीच आलो असतो.

प्रभू तुमच्या उंबऱ्यावर उभा राहो.
दानीएल

---

(त्याच पत्राच्या मागे)

केडगाव,
मंगळवार, दुपार

भाऊ,
तो बावीसला नाही, परवा रविवारीच आला. उपासनेहून आलो तर पायरीवर बसलेला. आज सकाळी त्यानं फोनची वायर भिंतीतूनच काढली. मी सापडलो, आता पान कशाला, म्हणाला. आईनं आतून दडू म्हणून हाक मारली तेव्हा तो वळला नव्हता. मला वाटलं, एकोणीस वर्षं ते नाव कोणी घेतलं नसेल.

तुझं पत्र वाचून आईला स्वयंपाकघरात नेलं, कानात सगळं सांगितलं. ती म्हणाली, डोक्यावरनं हात फिरवला तवाच कळलं, ह्यो आपला न्हाई. मी चिडून विचारलं, मग गप्प का बसलीस? तर म्हणे, लई वर्सांनी दडूच्या खाटेवर कुनीतरी जेवून झोपलंय, आन् प्लॉट काय वर न्यायचाय व्हय? आज प्लॉटचं बक्षीसपत्र त्याच्या नावे करायला ती त्याच्याबरोबर कचेरीत निघाली आहे. मी आरडाओरडा करीन म्हटलं. त्याला हाकललंस तर त्याच्या मागं मीबी जाईन, म्हणाली.

मी वायर परत लावायला गेले, तर आईनंच माझा हात धरला. खरा आला तर ह्याला जावं लागंल, म्हणाली.

गोरक्षनाथ दारात खोळंबला आहे. कागद झाल्यावर हा दादू आईला घेऊन परत येईल की नाही, मला माहीत नाही. मी रिक्षात मागे बसायला निघाले, तर जागा नाही म्हणाला, हसून. आत्ता तो खाली बसून आईच्या पायात चप्पल घालतोय. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय आणि माझ्याकडे बघते आहे, मी काही बोलू नये म्हणून.

रिक्षा सुरू झाली, भाऊ.

आमची आठवण प्रार्थनेत ठेव.
स्टेला