मी तिचे केस विंचरायचो

४ मे, सोमवार

ह्याची कंपनी ह्याला दोन वर्षांसाठी बाहेर पाठवतेय, म्हणून आम्ही दोघं स्पॅनिश शिकतोय. आज भूतकाळाचा दुसरा प्रकार. बाई म्हणाल्या, "एकदा घडून गेलं ते वेगळं. नेहमी घडायचं, त्याला हा काळ. लहानपणच्या सवयी सांगा." मी म्हटलं, यो कोमीआ तिसा — मी खडू खायचे! सगळे हसले.

मग हा उठला. "यो ला पेइनाबा." मी तिचे केस विंचरायचो. "एया कांताबा." ती गायची. एका दमात! एरवी नमस्कार म्हणतानाही ततपप होते ह्याची.

बाईंनी विचारलं, "कोण ती?" म्हणे, "कुणी नाही. उगीच वाक्यं जुळवली."

उगीच? माझ्या केसांना कधी कंगवा लावलाय ह्याने?

५ मे

चहा देताना सहज विचारलं. "डोकं खाऊ नकोस." म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

८ मे

ताईला फोन केला. ती म्हणते, "असेल शाळेतलं काहीतरी. सोड." सोडते कशाला! ह्याला बहीण नाही. आई हा सहावीत असतानाच वारली. मग केस विंचरण्याइतकी जवळची उरतेच कोण?

१० मे, रविवार

दर रविवारी हा पोहायला जातो. आज आल्या आल्या पिशवी उघडली. टॉवेल कोरडा ठाक! घडीसुद्धा मोडलेली नाही.

"पाणी कसं होतं?"

"गार."

तोंड वर करून खोटं! नोकरी सोडून परक्या देशात जायचं, तेही ह्याच्या भरवशावर?

१३ मे

वर्गात जोडीने सराव. मुद्दाम विचारलं — दोन्दे इबास लोस दोमिंगोस? रविवारी कुठे जायचास? हा पांढराफटक. बाई म्हणाल्या, "क्रियापद अगदी बरोबर!" त्यांना काय कळणार.

१७ मे, रविवार

टॅक्सी करून मागे गेले. तरणतलाव मागे पडला, हा पुढेच. एका दुमजली इमारतीत शिरला. पाटी — मानसिक आजारांचं रुग्णालय. वॉचमनला विचारलं. "ते होय? दर रविवारी येतात. आईला भेटायला."

तशीच टॅक्सीने परत फिरले.

घरी आल्यावर विचारलं, तर ढसाढसा रडला. "खरं सांगितलं असतं तर तुझ्या घरच्यांनी लग्न मोडलं असतं." मोडलं असतं कदाचित. राग आला, पण कीवही आली — आणि मी मेली काय काय समजत होते! शेवटी म्हटलं, पुढच्या रविवारी मलाही ने. हा कितीतरी वेळ नाही-नाहीच म्हणत होता.

२४ मे, रविवार

सासूबाईंनी माझा हात धरला तो सोडेनात. म्हणाल्या, "आलीस एकदाची! लग्न झाल्यापासून ह्याच्या मागे लागलेय, सुनेला आण म्हणून. हा म्हणायचा, तिला तुझी लाज वाटते, ती यायला तयार नाही."

मी ह्याच्याकडे पाहिलं. हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला.